जे. पी. नाईक

जयंत पांडुरंग नाईक तथा जे. पी. नाईक (जन्म : ५ सप्टेंबर १९०७; मृत्यू : ३० ऑगस्ट १९८१) हे भारतीय शिक्षणतज्ज्ञ, शिक्षणाचे इतिहासकार, संस्थासंस्थापक आणि स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते होते. १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाचे, म्हणजेच कोठारी आयोगाचे, ते सदस्य-सचिव होते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन (भारतीय शिक्षण संस्था) या संशोधन संस्थेची स्थापना त्यांनी केली. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव होते.

ठरावीक वयात, ठरावीक वेळी आणि ठरावीक इमारतीत पूर्णवेळ हजर राहू शकणाऱ्यालाच शिकवणारी व्यवस्था गरीब देशातील बहुसंख्य मुलांना शिक्षणाबाहेर ठेवते, हा नाईक यांच्या विचाराचा गाभा होता. पूर्णवेळ शाळेला अंशकालीन शिक्षणाची, स्वतःच्या सवडीने करावयाच्या अध्ययनाची आणि पत्रद्वारा शिक्षणाची जोड द्यावी व या सर्वांना समान दर्जा असावा, ही भूमिका शिक्षण आयोगाच्या अहवालातून राष्ट्रीय धोरणात आली. भारतातील मुक्त व दूरशिक्षणाच्या वैचारिक पूर्वपीठिकेत त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

प्रारंभिक जीवन

नाईक यांचा जन्म सध्याच्या कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात, बहिरेवाडी या लहानशा खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे असे होते. स्वातंत्र्यचळवळीच्या काळात त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव धारण केले आणि पुढे तेच कायम राहिले. गणित हा त्यांचा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होता. शैक्षणिक प्रश्नांची आकडेवारी मांडून तिच्या आधारे निष्कर्षापर्यंत जाण्याची त्यांची सवय पुढील सर्व लेखनात दिसते.

स्वातंत्र्यचळवळ आणि ग्रामीण कार्य

१९३० च्या दशकाच्या आरंभी नाईक सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सहभागी झाले आणि त्यांना तुरुंगवास घडला. तुरुंगात त्यांनी निरक्षर कैद्यांना शिकवण्याचे काम केले. तेथेच रुग्णशुश्रूषेचे व आरोग्यविषयक ज्ञानही मिळवले. या दोन्ही गोष्टींचा उपयोग त्यांना सुटकेनंतर लगेच झाला.

सुटकेनंतर त्यांनी धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी ग्रामीण पुनर्रचनेचे काम सुरू केले. शिक्षण, सार्वजनिक स्वच्छता आणि रोगोपचार ही कामे एकत्र चालवण्याचा हा प्रयत्न होता. शेतीच्या हंगामात मुलांची उपस्थिती घटणे, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुली घरी राहणे, पहिलीतच दोन-तीन वर्षे काढून मुलांनी शाळा सोडणे, हे अशा खेड्यांतील नित्याचे चित्र होते. गैरहजेरीचे कारण पालकांच्या अनास्थेपुरते मर्यादित नसून शाळेचे वेळापत्रक आणि शेतकरी कुटुंबाचे वेळापत्रक यांतील विसंगतीतही आहे, हे निरीक्षण त्यांच्या उत्तरकालीन लेखनात वारंवार आढळते.

मुंबई प्रांतात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला होता. नाईक यांनी या व्यवस्थेचा जवळून अभ्यास केला. पुढे कोल्हापूर संस्थानातही त्यांनी शिक्षण व विकासविषयक प्रशासकीय जबाबदाऱ्या सांभाळल्या.

शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन

सय्यद नुरुल्ला यांच्यासह नाईक यांनी ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती १९५१ मध्ये निघाली. विद्यार्थ्यांसाठी काढलेली त्याची संक्षिप्त आवृत्ती अध्यापक महाविद्यालयांत अनेक दशके वापरात होती.

सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न हा त्यांच्या लेखनातील एक प्रमुख धागा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात यासंबंधीचे विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना १० वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यसंस्थेसमोर ठेवले. १९६० मध्ये ही मुदत संपली, तेव्हा उद्दिष्ट अपुरे राहिले होते. केवळ शाळांची संख्या वाढवून ते गाठता येणार नाही, शाळेचे स्वरूपच बदलावे लागेल, या मताकडे नाईक हळूहळू वळले.

भारतीय शिक्षण संस्था

१९४८ मध्ये नाईक यांनी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेची स्थापना केली. शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन हा तिचा हेतू होता. मुंबई प्रांतातील साक्षरता व प्राथमिक शिक्षणाचे अभ्यासक आर. व्ही. परुळेकर यांचा संस्थेच्या आरंभीच्या कार्यात महत्त्वाचा वाटा होता. अपुरे शिक्षक आणि अपुऱ्या इमारती यांत अधिक मुलांना सामावून घेण्यासाठी शाळा दोन पाळ्यांत चालवाव्यात, या मताचा परुळेकर यांनी पुरस्कार केला होता. १९७६ मध्ये संस्था पुण्यास हलवण्यात आली. तिचे कार्यालय कोथरूड भागात आहे.

एकशिक्षकी शाळेचा अभ्यास

लहान गावांत एकच शिक्षक चार इयत्ता शिकवतो, ही परिस्थिती त्या काळी तात्पुरती अडचण मानली जाई. भारतातील लहान व विखुरलेल्या वस्त्यांचा विचार करता अशा शाळा दीर्घकाळ राहणार आहेत, असे नाईक यांनी दाखवून दिले आणि एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

अशा शाळेत शिक्षक एका वर्गाला शिकवत असताना उरलेले तीन वर्ग काय करतात, हा मुख्य प्रश्न असतो. त्याचे उत्तर स्वयंअध्ययनात शोधावे लागते. मुलांना स्वतः वाचता व सोडवता येतील असे पाठ तयार करणे, मोठ्या मुलांनी लहानांना मदत करणे, वेळापत्रकात प्रत्यक्ष अध्यापन आणि स्वतंत्र काम यांचा मेळ बसवणे, ही त्याची साधने होत. शिक्षक समोर नसतानाही शिकणे चालू राहील अशा प्रकारे पाठाची रचना करणे हेच पुढे दूरशिक्षणातील स्वयंअध्ययन साहित्याचे मूलतत्त्व ठरले.

मौनी विद्यापीठ

कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे डॉ. व्ही. टी. पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मौनी विद्यापीठाच्या जडणघडणीत नाईक यांचा मोठा सहभाग होता. ग्रामीण भागातील तरुणांना बालशिक्षणापासून उच्च शिक्षणापर्यंतच्या सोयी आपल्याच परिसरात मिळाव्यात आणि ते शिक्षण शेती, सहकार व ग्रामविकास यांच्याशी जोडलेले असावे, अशी या संस्थेमागची कल्पना होती. केंद्र शासनाच्या ग्रामीण उच्च शिक्षणाच्या योजनेत निवडलेल्या आरंभीच्या संस्थांमध्ये गारगोटीचा समावेश झाला. शिकण्यासाठी गाव सोडावे लागणे हाच ग्रामीण विद्यार्थ्याच्या मार्गातील पहिला अडथळा असल्याचे या कामातून अधोरेखित झाले.

शिक्षण आयोग (१९६४–६६)

१९५९ च्या सुमारास नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयात सल्लागार म्हणून काम करू लागले. या कामासाठी ते नाममात्र मानधन घेत.

भारत सरकारने जुलै १९६४ मध्ये शिक्षण आयोग नेमला. पदार्थवैज्ञानिक आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी हे त्याचे अध्यक्ष, तर नाईक हे सदस्य-सचिव होते. सतरा सदस्यांच्या या आयोगात ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ, फ्रान्स व जपान येथील तज्ज्ञांचाही समावेश होता. आयोगाचे काम २ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाले. १२ कार्यदले व ७ कार्यगट नेमून, देशभर प्रवास करून आणि सुमारे ९ हजार व्यक्तींशी चर्चा करून आयोगाने २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर केला. अहवालाच्या मांडणीत व लेखनात नाईक यांचा वाटा फार मोठा होता, असे शिक्षणाच्या अभ्यासकांचे मत आहे.

दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध, परिसर शाळा, शाळा-संकुल, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणखर्च या आयोगाच्या शिफारशी विशेष प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार पहिली दहावीची शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. शाळा-संकुलाच्या कल्पनेत एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा जोडून साधने व शिक्षकांचे अनुभव वाटून घेणे अपेक्षित होते.

अंशकालीन आणि पत्रद्वारा शिक्षण

पूर्णवेळ शाळेबाहेरच्या शिक्षणाविषयीच्या आयोगाच्या शिफारशी तुलनेने कमी चर्चिल्या गेल्या. परंतु नाईक यांच्या विचारात त्यांना मध्यवर्ती स्थान होते. शिक्षणाचे तीन मार्ग आयोगाने मानले : पूर्णवेळ, अंशकालीन आणि स्वतःच्या सवडीने केलेले अध्ययन. दुसऱ्या व तिसऱ्या मार्गाचा सर्व स्तरांवर मोठ्या प्रमाणात विस्तार व्हावा आणि त्यांतून मिळालेल्या प्रमाणपत्राला पूर्णवेळ शिक्षणाइतकाच मान असावा, असे आयोगाने सुचवले.

शाळेत नसलेल्या आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण न केलेल्या ११ ते १४ वयोगटातील मुलांसाठी किमान एक वर्षाचे साक्षरता वर्ग असावेत, अशी शिफारस होती. उच्च शिक्षणात १९८६ पर्यंत एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी सायंकालीन महाविद्यालये व पत्रद्वारा अभ्यासक्रम यांतून शिकावेत, असा अंदाज आयोगाने मांडला.

पत्रद्वारा शिक्षण भारतात तेव्हा नवे होते. कोठारी यांच्याच अध्यक्षतेखालील एका तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये असे अभ्यासक्रम सुरू केले होते. शिक्षण आयोगाने त्यांच्या कार्यपद्धतीविषयी नेमक्या सूचना केल्या :

* पत्रद्वारा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अधूनमधून शिक्षकांना भेटण्याची संधी मिळावी.
* त्यांना नोंदणीकृत विद्यार्थ्याचा दर्जा असावा आणि शक्य तेथे महाविद्यालयाशी जोडून ग्रंथालय व इतर सोयी वापरू द्याव्यात.
* पाठ्यसाहित्याला रेडिओ व दूरचित्रवाणीवरील सुसूत्र कार्यक्रमांची जोड द्यावी.
* हे शिक्षण पदवीपुरते मर्यादित न ठेवता शेती, उद्योग व इतर क्षेत्रांतील कामगारांसाठीही अभ्यासक्रम काढावेत.
* शालेय शिक्षकांना नवे ज्ञान व अध्यापनपद्धती आत्मसात करण्यासाठी असे अभ्यासक्रम उपलब्ध व्हावेत.
* गृह-अध्ययनाचे मूल्यमापन व मान्यता यांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन करावी.
* ज्यांना कोणत्याही संस्थेच्या मदतीविना स्वतः अभ्यास करून पात्रता मिळवायची आहे, त्यांना मंडळांच्या व विद्यापीठांच्या परीक्षा खुल्या असाव्यात.

छापील पाठ टपालाने पाठवणे म्हणजे शिक्षण नव्हे, त्यामागे शिक्षक, ग्रंथालय आणि मूल्यमापन यांची व्यवस्था लागते, असा या सूचनांचा आशय होता. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अंशकालीन व पत्रद्वारा शिक्षणाच्या विस्ताराचे आणि समान दर्जाचे तत्त्व स्वीकारले. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. राष्ट्रीय परिषदेची सूचना मात्र त्या स्वरूपात अमलात आली नाही आणि अनेक विद्यापीठांतील अभ्यासक्रम दीर्घकाळ छापील टिपणे पाठवण्यापुरतेच राहिले.

वर्धा योजना आणि कार्यानुभव

शाळा आणि मुलाचे प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर कमी करण्याचा देशव्यापी प्रयत्न आयोगाच्या आधी वर्ध्यातून झाला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मोफत व सक्तीचे सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही तिची सूत्रे होती. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्यावरून अभ्यासक्रम तयार केला आणि सेवाग्राम येथील हिंदुस्थानी तालीमी संघाने तो प्रयोगात आणला. हीच वर्धा योजना, बुनियादी शिक्षण किंवा नई तालीम होय.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळांचा विस्तार झाला, पण बहुतेक ठिकाणी सूतकताई हा वेळापत्रकातील आणखी एक तास एवढेच तिचे स्वरूप उरले. शिक्षण आयोगाने कार्यानुभव ही संकल्पना मांडताना तिचे बुनियादी शिक्षणाशी असलेले नाते मान्य केले आणि शेती, कार्यशाळा व आधुनिक तंत्रज्ञान यांचा समावेश करून तिचा विस्तार केला. वर्धा योजनेने शाळेत काय शिकवावे हे बदलू पाहिले; नाईक यांनी त्याला शाळा केव्हा, कोठे आणि कोणासाठी चालते या प्रश्नाची जोड दिली.

शैक्षणिक विचार

शिक्षण आयोगानंतरच्या दशकात नाईक यांची भूमिका अधिक मूलगामी झाली. आयोगाच्या शिफारशींपैकी सोयीच्या तेवढ्याच स्वीकारल्या गेल्या आणि समतेशी संबंधित शिफारशी मागे पडल्या, असे त्यांचे मत बनले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन उद्दिष्टांचा त्रिकोण मांडला. विद्यार्थिसंख्या वाढवली की गुणवत्तेवर ताण येतो, गुणवत्ता मूठभर संस्थांत एकवटली की समता ढळते आणि साधने तर मर्यादितच असतात. ही तिन्ही उद्दिष्टे एकत्र साधायची असतील तर जुन्याच पद्धतीचा विस्तार पुरेसा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

प्राथमिक शिक्षणाविषयी त्यांनी दाखवलेली गळती धक्कादायक होती. १९७० च्या दशकात पहिलीत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी सुमारे ४० पाचवीपर्यंत आणि सुमारे २५ आठवीपर्यंत पोहोचत होती. याचे मूळ त्यांनी औपचारिक शाळेच्या तीन ताठर वैशिष्ट्यांत पाहिले.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे एकच प्रवेशद्वार. मुलाने सहाव्या वर्षी पहिलीत यायचे आणि दरवर्षी एकेक पायरी चढायची; मध्येच सुटले तर परतीची वाट नाही, कारण तेरा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलांसोबत पहिलीत बसवणे कोणालाच रुचत नाही. दुसरे, पूर्णवेळ उपस्थितीची अट. घरात वा शेतात काम करणाऱ्या मुलांना ती पाळता येत नाही. तिसरे, केवळ पूर्णवेळ व्यावसायिक शिक्षकावरील अवलंबन. त्यामुळे खर्च वाढतो आणि गावातील शिकलेल्या तरुणांचे व कारागिरांचे ज्ञान शाळेबाहेरच राहते.

यावर त्यांनी अनेक टप्प्यांवर प्रवेश, कामकरी मुलांसाठी त्यांच्या सवडीच्या वेळी अंशकालीन वर्ग आणि स्थानिक शिक्षित व्यक्तींचा अध्यापनात सहभाग हे पर्याय सुचवले. १९७७ मध्ये अनौपचारिक शिक्षणावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. औपचारिक शाळा मोडीत काढावी, असे त्यांचे म्हणणे नव्हते. औपचारिक व अनौपचारिक या दोन्ही धारांमध्ये ये-जा करता यावी आणि कोणत्याही वयात शिक्षणाकडे परतता यावे, अशी व्यवस्था त्यांना अभिप्रेत होती.

पुणे जिल्ह्यातील प्रयोग

या विचारांची प्रत्यक्ष चाचणी घेण्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने १९७९ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड्यांत कृतिसंशोधनाचा प्रकल्प सुरू केला. त्याचे नेतृत्व नाईक यांच्या पत्नी आणि शिक्षणतज्ज्ञ डॉ. चित्रा नाईक यांनी केले. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा सोडलेल्या, साधारण ९ ते १४ वयोगटातील मुलांसाठी गावातच संध्याकाळचे वर्ग चालवले गेले. दिवसभराची कामे उरकल्यावर मुले सुमारे दोन तास कंदिलाच्या उजेडात शिकत.

शिकवणारी व्यक्ती बहुधा त्याच गावातील शिकलेला तरुण किंवा तरुणी असे. पाठ मुलांच्या परिचित जगातून घेतलेले आणि गटाने किंवा स्वतंत्रपणे शिकता येतील असे बेतलेले होते. प्रत्येक मुलाने आपल्या गतीने पुढे जावे, अशी अपेक्षा होती. वर्गांमध्ये मुलींचा भरणा मोठा होता, कारण दिवसा घरकाम व भावंडांची जबाबदारी त्यांच्यावरच असे. प्रकल्पाच्या पुढील टप्प्यात परीक्षेची भीती घालवण्यासाठी अनेक गावांतील मुलांना एकत्र आणून बालजत्रा भरवण्यात येऊ लागल्या. त्यांत खेळ, गाणी व कोडी यांच्यासोबत मुलांच्या प्रगतीची पाहणीही होत असे. नाईक यांना या प्रयोगाची केवळ आरंभीची वर्षे पाहता आली.

समाजविज्ञान आणि आरोग्य

१९६९ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची स्थापना झाली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि नाईक पहिले सदस्य-सचिव होते. देशातील विविध राज्यांत संशोधन संस्था उभ्या राहाव्यात व संशोधन राजधानीपुरते मर्यादित राहू नये, यासाठी त्यांनी प्रयत्न केले.

आरोग्यव्यवस्थेविषयीही त्यांनी शिक्षणासारखाच विचार मांडला. मोठी रुग्णालये व तज्ज्ञ डॉक्टर यांच्याभोवती उभारलेली व्यवस्था खेड्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून समाजाधारित पर्यायी सेवा हवी, असे प्रतिपादन त्यांनी १९७७ च्या पुस्तिकेत केले. समाजविज्ञान संशोधन परिषद व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा सर्वांसाठी आरोग्य या विषयावरील अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सिद्धतेत त्यांचा महत्त्वाचा सहभाग होता.

मृत्यू

३० ऑगस्ट १९८१ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षात, नाईक यांचे निधन झाले. शिक्षण आयोग आणि त्यानंतरच्या वाटचालीचा त्यांनी घेतलेला लेखाजोखा १९८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आयोगाचे सचिवपद भूषवलेल्या व्यक्तीने आयोगाच्याच उणिवांची केलेली परखड चिकित्सा म्हणून तो ग्रंथ उल्लेखनीय आहे.

मुक्त व दूरशिक्षणावरील प्रभाव

नाईक यांच्या हयातीतच १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मुक्त विद्यालयाचा प्रकल्प सुरू केला. त्यातूनच पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालय उभे राहिले. १९८२ मध्ये हैदराबाद येथे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ हे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. प्रवेशाच्या लवचिक अटी, अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे, स्वयंअध्ययन पुस्तके आणि दृक्‌श्राव्य साधने ही या विद्यापीठांची वैशिष्ट्ये शिक्षण आयोगाच्या १९६६ मधील सूचनांशी मिळतीजुळती आहेत. या विद्यापीठांच्या रचनेवर ब्रिटनमधील १९६९ च्या मुक्त विद्यापीठाचाही प्रभाव होता.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पूर्णवेळ शाळेतील विद्यार्थ्यांनाही दूरस्थ शिक्षणाचा आधार घ्यावा लागला. महाराष्ट्रात दीक्षा हे ॲप, भ्रमणध्वनीवरील गट आणि दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील टिलीमिलीसारखे कार्यक्रम यांचा वापर झाला. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता किंवा नेटवर्क पोहोचत नव्हते, तेथील मुले या व्यवस्थेबाहेर राहिली. अनेक गावांत शिक्षकांनी व स्वयंसेवकांनी ओटे, मंदिरे व झाडाखालच्या जागा निवडून लहान गटांत मुलांना शिकवले. समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या त्रिकोणाचा प्रश्न या काळात नव्या रूपात समोर आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात उच्च शिक्षणासाठी अनेक टप्प्यांवर प्रवेश व निर्गमनाची तरतूद आहे, तसेच शाळा-संकुलाची कल्पनाही पुन्हा स्वीकारण्यात आली आहे.

टीका आणि मूल्यमापन

अनौपचारिक शिक्षणाच्या पुरस्कारावर टीकाही झाली. श्रीमंतांच्या मुलांसाठी पूर्ण शाळा आणि गरिबांच्या मुलांसाठी रात्रीचे दोन तास, अशी विषमता या मार्गाने कायम होईल, असा मुख्य आक्षेप होता. मुलांच्या कामाच्या वेळेशी शाळेने जुळवून घेणे म्हणजे बालमजुरीला मान्यता देणे होय, असेही म्हटले गेले. केंद्र शासनाने पुढे मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या अनौपचारिक शिक्षण कार्यक्रमात अल्प मानधन, अपुरे प्रशिक्षण आणि तुटपुंजे साहित्य या त्रुटी दिसून आल्या. औपचारिक शाळेत परतणाऱ्या मुलांचे प्रमाणही अपेक्षेइतके नव्हते.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटासाठी पूर्णवेळ औपचारिक शाळा हाच मार्ग ठरवला. त्याच कायद्यात शाळाबाह्य मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश व विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. एकाच प्रवेशद्वाराविषयीचा नाईक यांचा आक्षेप अशा प्रकारे औपचारिक व्यवस्थेतच अंशतः मान्य झाला. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात चाललेल्या साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांतून हा वाद आजही जिवंत असल्याचे दिसते : स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शाळेने जावे की मुलाला गावातच ठेवून शाळा टिकवावी.

समर्थकांच्या मते, नाईक यांच्या मांडणीत समान दर्जाची अट मूलभूत होती. ती वगळून केवळ स्वस्त पर्याय म्हणून अनौपचारिक शिक्षण राबवले गेले, हा दोष अंमलबजावणीचा आहे. लवचिकता आणि समान दर्जा या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे किती अवघड आहे, हे त्यांच्या स्वतःच्या लेखनातही स्पष्ट झालेले आहे.

सन्मान आणि स्मृती

१९७४ मध्ये भारत सरकारने नाईक यांना पद्मभूषण हा किताब दिला. युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण विभागाने जगातील शिक्षणविचारवंतांवर प्रसिद्ध केलेल्या चरित्रमालिकेत महात्मा गांधी व रवींद्रनाथ टागोर यांच्यासह नाईक यांचाही समावेश आहे. पुण्यातील कोथरूड भागात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या परिसरातील रस्त्याला जे. पी. नाईक पथ असे नाव देण्यात आले आहे.